बंद जिनिंगचं संग्रहालय करताना लागलेले कागद आणि लागलेली माणसं

आमच्या गावातल्या बंद जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्याचं, छोटंसं संग्रहालय झाल्यापासून अधूनमधून फोन येतात. यवतमाळहून, जळगावहून, एकदा तर आदिलाबादहून. "आमच्याकडंही अशीच जिनिंग पडून आहे, मालक भंगारात काढायलेत, सुरुवात कुठून करावी?" फोनवर सगळं सांगून होत नाही, काहीतरी राहतंच. म्हणून क्रमानं लिहून काढते. गावाचं नाव देत नाही, जागेच्या मालकांची तशी इच्छा आहे. परभणी जिल्हा, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून हा मीटरगेज मार्ग गेला आणि त्याच्या कडेच्या गावांत जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. त्यातलीच ही एक.

मी एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहिते. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र, हे मला माहीत होतं, पण तो चालतो कसा ते नव्हतं. "तुला कागद कळतात," एवढ्या एका कारणावरून मला यात ओढलं गेलं.

डिसेंबर २०२१ मध्ये मालकांच्या वाड्यावर भंगारवाला येऊन गेला. जिनिंगच्या शेडमध्ये बिडाचे रेचे ओळीनं उभे, एक प्रेस, एक लँकेशायर बॉयलर आणि बाहेर विटांची चिमणी. १९७२ ला राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाल्यावर इथून बैलगाड्यांची रांग स्टेशनपर्यंत लागायची, असं गावात कुणीही सांगतं. भंगारवाला किलोनं बोलत होता. मालकांची तिसरी पिढी पुण्यात. त्यांना आमच्या निवृत्त इतिहासाच्या सरांनी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "मला पैशाची घाई नाही, पण जबाबदारी नको. कुणीतरी कायदेशीर घेणारं हवं." हे वाक्य आम्हाला फार उपयोगी पडलं. ज्यांच्या मालकाला घाई आहे, त्यांनी आधी मुदत लेखी घ्यावी, बाकीचं नंतर.

इथं पहिला पेच येतो. यंत्रं दान घ्यायला संस्था लागते आणि संस्था नोंदवायला जागेचा पत्ता लागतो. आम्ही मालकांकडून आधी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर पत्त्यासाठी संमतीपत्र घेतलं, त्याला लाइट बिल आणि मालमत्ता पत्रक जोडलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये नोंदणीचा अर्ज टाकला. महाराष्ट्रात अशा संस्थेला दोन नोंदण्या मिळतात: १८६० च्या सोसायटी कायद्याखाली एक आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरी, जिचा नंबर 'एफ'नं सुरू होतो. किमान सात सभासद लागतात. सात माणसं गोळा करणं सोपं. सातही जणांच्या आधार, पॅन आणि अर्जावरच्या नावाचं स्पेलिंग एक असणं अवघड. आमच्या मेडिकलवाल्या काकांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होतं. अर्ज टाकायच्या आधी हे जुळवून घ्या, नाहीतर त्रुटी निघते आणि फाइल पुन्हा खालून वर चढते. उद्देशपत्रिकेत नुसतं 'संग्रहालय चालवणे' लिहू नका. जतन, दस्तऐवजीकरण, प्रशिक्षण, प्रकाशन, सगळं लिहा. नंतर घटनादुरुस्ती करणं म्हणजे पुन्हा तोच डोंगर.

प्रमाणपत्रं ऑगस्टमध्ये हातात आली. वकील, प्रतिज्ञापत्रं, टायपिंग धरून चौदा-पंधरा हजार गेले. मग पॅन, बँक खातं, आणि आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) व ८०जीची (देणगीदाराला करसूट) तात्पुरती नोंदणी. ती तेव्हा फॉर्म १०ए भरून ऑनलाइन झाली आणि सगळ्यात कमी त्रास तिनंच दिला. एक गोष्ट देणगीदारांना आधीच सांगा: दोन हजारांच्या वर रोख दिले तर त्यावर ८०जीची सूट नाही. आमच्याकडं अडतीवरचे लोक रोखच काढतात, पावती दिल्यावर वाद नको.

यंत्रांचं दानपत्र वेगळं केलं, शेडचा करार वेगळा. दानपत्राला प्रत्येक यंत्राची फोटोसह यादी जोडली. 'सर्व यंत्रसामग्री' असं मोघम लिहिलं असतं, तर पुढं मालकांच्या चुलतभावानं ऑइल इंजिनावर हक्क सांगितला तेव्हा आमच्याकडं उत्तर नव्हतं. शेडसाठी लिव्ह अँड लायसन्स केला. तो साठ महिन्यांपर्यंत करता येतो आणि मुद्रांक शुल्क किरकोळ लागतं. लांब मुदतीचा भाडेपट्टा पक्का खरा, पण मुदत वाढेल तसं शुल्क वाढतं आणि आमच्या खात्यात तेव्हा जेमतेम चाळीस हजार होते.

कागद फिरत होते तोवर यंत्रांना हात लावायचा नाही, असं सरांनी बजावलं होतं. कॉलेजची पोरं पॉलिश पेपर घेऊन तयार होती. त्यांना थांबवलं आणि आधी माणसं शोधली. माझ्या मते या सगळ्या कामातला हा एकच निर्णय असा आहे, की तो चुकला असता तर बाकी सगळं करून उपयोग नव्हता. यंत्र अजून पन्नास वर्षं गंजत उभं राहील. ते चालवणारी माणसं ऐंशीच्या आसपास आहेत.

सगळ्यात आधी भेटले फिटरमामा. वय विचारलं की दर वेळी वेगळं सांगतात. पहिल्या दिवशी आत आले, कुणाशी बोलले नाहीत, रेच्यांच्या ओळीतून शेवटापर्यंत चालत गेले आणि सातव्या रेच्यापाशी येऊन म्हणाले, "ह्याचा रोलर ह्याचा न्हाई. नवव्याचा काढून हितं बसवलेला आहे." आमच्या यादीत तशी नोंद आजही आहे. रेच्याच्या बाजूच्या पाटावर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' अशी ओतीव अक्षरं आहेत, सगळे पाहुणे तिथं फोटो काढतात. मामांना त्या अक्षरांचं काही नाही. ते रोलरला बोट लावून दाखवतात. चामड्याच्या चकत्या एकमेकींना चिकटवून रोलर केलेला असतो. त्याच्या खरबरीत अंगाला कापसाचे तंतू चिकटून आत ओढले जातात, पुढं स्थिर पातं सरकीला अडवतं, आणि खालीवर हलणारं दुसरं पातं तिला ठोके देऊन तंतूपासून सोडवतं. रुई पलीकडं, सरकी खाली. १८४० मध्ये अमेरिकेत फोन्स मॅकार्थीनं या तत्त्वाचं पेटंट घेतलं आणि आपल्याकडच्या जिनिंगा अजून बऱ्याच अंशी त्यावरच चालतात. चामडं क्रोमचं असतं, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. या धुळीपायीच मुंबईच्या सिरकॉटनं, म्हणजे कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं, बिनक्रोमचे रोलर काढले. साफसफाईला मास्क सक्तीचा ठेवा.

दुसऱ्या आमच्या आजी. रेच्यावर कापूस घालायला बायका असायच्या, त्यातल्या त्या. घरी जाऊन मोबाइलवर बोलतं करायचा प्रयत्न केला तर, "काय सांगू बाई, काम व्हतं, केलं," एवढंच. मग नातवासोबत त्यांना जिनिंगमध्ये आणलं. रेच्यासमोर उभ्या राहिल्या, हात पुढं केला आणि थांबल्या. हात रोलरच्या खाली जात होता. "आसं नव्हतं. आमी उंच व्हताव." पुन्हा हात केला, पुन्हा तेच. फिटरमामा हसले. बायका उभ्या राहायच्या त्या सागवानी फळ्या कधीतरी कुणीतरी काढून नेलेल्या होत्या. त्यांतल्या तीन पुढं सरकीच्या कोठ्यात सापडल्या, एकीला पायांच्या जागी गुळगुळीत खळगे पडलेले. त्या आज्जींनी उभ्या उभ्या सांगितलं ते घरी बसून कधीच निघालं नसतं: कापूस विस्कटून घालायचा, गच्च घालायचा नाही, हात रोलरपासून वीतभर लांब, पदर खोचलेला, आणि घालता घालता बोटांनी खडा चाचपायचा. खडा किंवा खिळा पात्यात गेला की ठिणगी, आणि रुईच्या ढिगात ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको. फाटकावर बिड्या-काड्या काढून घ्यायचे ते त्यासाठीच. मुलाखत घ्यायची तर यंत्रापाशीच घ्या. आणि दोन माणसं एकत्र आणा, एकाचं दुसरा दुरुस्त करतो.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात एनएसएसची मुलं आली. ती फार मोठी मदत होती, पण त्यांना सांभाळणं हेही एक कामच आहे. आम्ही केलेले नियम असे: बंद बूट, ओढणी नाही, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याची नोंद, अठराच्या खालच्यांसाठी पालकांची सही, आणि सगळ्यांचा गट अपघात विमा. विम्याचा हप्ता इतका कमी बसला, की आधी घेतला असता तर आधीच झोप लागली असती. प्रेसच्या मनोऱ्यावर आग्या मोहोळ होतं, ते जाणकाराकडून उतरवून घेईपर्यंत तो भाग बंद ठेवला. बॉयलरच्या वाफेच्या नळ्यांवर पांढरट लेप आहे. तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, म्हणून त्या खोलीला कुलूप लावलं आणि काचेच्या खिडकीतूनच बघायची सोय केली. जुन्या बॉयलरच्या खोलीत झाडू घेऊन शिरू नका, हे कळकळीनं सांगते.

गंज काढण्याबद्दल दोन शब्द. सॅंडब्लास्टिंगवाला येऊन 'नव्यासारखं करून देतो' म्हणतो. नको. नव्यासारखं आपल्याला करायचंच नाही, जुना रंग हासुद्धा पुरावा असतो. रॉकेल मिळेना, म्हणून मामांनी डिझेलमध्ये इंजिन ऑइल मिसळून बोल्टांवर सोडलं आणि आठवडाभर कुणाला पाना लावू दिला नाही. प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक दिला: वर्ष, मग नंबर. लहान वस्तूंवर पॅरालॉइड बी-७२ चा पातळ थर, त्यावर शाईनं क्रमांक, वर पुन्हा थर. तो ॲसिटोननं निघतो, म्हणून पुढं चूक दुरुस्त करता येते. मोठ्या यंत्रांना नुसती तारेनं पट्टी. नोंदवही छापील, पानांवर नंबर टाकलेली. एक्सेल आहेच, पण वही हवी.

मार्च आला, ऊन तापलं, परीक्षा लागल्या, आणि स्वयंसेवक विरघळले. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी कुणी थांबू शकत नाही, त्यात पोरांचा दोष नाही. पण त्या दोन-तीन महिन्यांत शेडला कुलूप राहिलं आणि एका रात्री तांब्याची नळी गेली. तेव्हा संस्थेत पगारी माणसांवरून पहिलं खरं भांडण झालं. एका बाजूचं म्हणणं, हे गावाचं काम आहे, पैसे दिले की भावना जाते. मी दुसऱ्या बाजूला होते. फिटरमामा रोज येत होते, त्यांच्या चहाचे पैसेही आपण देत नाही, आणि आपण सगळे आपापल्या पगारातून वेळ काढून 'सेवा' करतो. ज्याला पगार आहे त्याला सेवा परवडते. बैठकीत हे जरा कडक शब्दांत बोलले गेले, दोघांनी राजीनामे दिले, एकानं परत घेतला. (विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज टाकावा लागतो. भांडताना हेही डोक्यात असू द्या.)

जुलै २०२३ पासून तीन माणसं पगारावर आली. एक चौकीदार, एक संग्रह सहायक आणि फिटरमामा अर्धवेळ मानधनावर. संग्रह सहायक म्हणजे गावातलीच इतिहासात एमए झालेली मुलगी, स्पर्धा परीक्षांना कंटाळलेली. ती आल्यावर नोंदवही खऱ्या अर्थानं चालू झाली, कारण रविवारी येणारे स्वयंसेवक नोंद करतात आणि पुढच्या रविवारी आपलंच अक्षर त्यांना लागत नाही. आज्जींना आणि त्यांच्या दोन मैत्रिणींना प्रात्यक्षिकाच्या दिवसाचे रोजाप्रमाणे पैसे मिळतात, आणि आणायला रिक्षा. एवढं करूनही पगाराची सोय दर महिन्याला नव्यानं करावी लागते, हे लपवत नाही.

पैसा कुठून आला? माजी विद्यार्थी, अडते, पुण्या-मुंबईला गेलेली गावची माणसं. एका कंपनीच्या सीएसआरकडं, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीकडं, आम्ही बरेच महिने लटकलो. शेवटी त्यांना यंत्रं नको होती, 'काहीतरी डिजिटल' हवं होतं. सोडून दिलं. सगळ्यात मोठा खर्च छपराचा: सागवानी कैच्या टिकल्या होत्या, पत्रे आणि पन्हाळी बदलायला तीन लाखांच्या आसपास. संरचना तपासणीला पस्तीस हजार. चिमणी दुरुस्त करायची ऐपत नाही, म्हणून तिच्याभोवती तिच्या उंचीच्या हिशेबानं कुंपण घातलं आणि वीजरोधक बसवला.

याच काळात मुनीमजींच्या मुलानं माळ्यावरच्या वह्या आणून दिल्या. ज्यांना मराठवाड्यातल्या अशा वह्या सापडतील त्यांच्यासाठी थोडं: तारखा फसली सनाच्या असतात. हैदराबाद राज्यात वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजुर महिन्यानं सुरू व्हायचं. फसली सनात ५९० मिळवले की त्या ऑक्टोबरचं इसवी साल येतं. म्हणजे १३५० फसली हे १९४० च्या ऑक्टोबरपासून पुढं. पैसे दोन प्रकारचे: 'हाली' म्हणजे निजामाचे आणि 'कलदार' म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे. सात हाली म्हणजे सहा कलदार. मजुरी हालीत आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचा हिशेब कलदारात, असं एकाच पानावर दिसतं. गाठींचा हिशेब खंडीत: ७८४ पौंडांची खंडी, ३९२ पौंडांची गाठ, दोन गाठी म्हणजे एक खंडी. आत्ताची गाठ १७० किलोची. आबान १३५७ ची पानं, म्हणजे सप्टेंबर १९४८ ची, कोरी आहेत. पाहुण्यांना ती बघून अंगावर काटा येतो, निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन आठवते. आमची सहायक त्यांना शांतपणे सांगते, की आदल्या वर्षीची आबानची पानंही कोरीच आहेत. सप्टेंबरात कापूस आलेलाच नसतो, जिनिंग बंद असते.

मोडीतली पानं आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त कारकुनानं लावली. त्यांनी पुराभिलेख संचालनालयाचं मोडीचं प्रशिक्षण घेतलेलं होतं.

उद्घाटन जागतिक वारसा सप्ताहात, १९ ते २५ नोव्हेंबर २०२४ मध्ये करायचं ठरलं होतं. त्याआधी १ आणि २ सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं नवीन पत्र्यांची परीक्षा घेतली. पत्रे टिकले, पन्हाळ तुंबली आणि प्रेसच्या खड्ड्यात कमरेएवढं पाणी. चौकीदारानं रात्री दोनला फोन केला म्हणून वह्या वाचल्या. मग विधानसभेची घोषणा झाली, मतदान नेमकं २० नोव्हेंबरला. आचारसंहिता, निम्मे शिक्षक निवडणूक ड्युटीवर. शेवटी १ डिसेंबरचा रविवार धरला. तेव्हा राज्यात निकाल लागला होता, पण नवं सरकार व्हायचं होतं, ते ५ तारखेला झालं. त्यामुळं कुणाला बोलवायचं हा दरवेळचा वाद आपोआप मिटला आणि फीत आज्जींनी कापली. कात्री बोथट निघाली, त्यांनी फीत सरळ हातानं तोडली.

आता चालू स्थिती. महिन्याचा खर्च अडतीस-चाळीस हजार, त्यातला तीन चतुर्थांश माणसांवर. तिकीट वीस रुपये, शाळेच्या मुलांना पाच. तिकिटातून लाइट बिल निघतं, त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नका. एक रेचा विजेच्या मोटरवर, जाळीच्या आड, मामांच्या हाताखाली चालतो. तो महिन्यातून एक रविवार. शाळांनी आधी फोन करून यावं, आणि एप्रिल-मे मध्ये सकाळी अकराच्या आत. १२एची आमची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची होती. काम सुरू केल्यापासून सहा महिने किंवा मुदत संपायच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा पुढच्या नियमित नोंदणीसाठी फॉर्म १०एबी भरायचा होता. आमचा भरून झाला, त्याला लागणारे हिशेब कसे लावले ते कुणाला हवे असतील तर पाठवीन. मालकांशी करार संपायच्या आधी नूतनीकरणाचं बोलणं सुरू केलंय.

वह्यांमधली उर्दू पानं अजून तशीच आहेत. गावच्या उर्दू शाळेच्या निवृत्त मास्तरांनी छापल्यासारखं लिहिलेली पानं वाचून दिली, पण बरीचशी शिकस्ता, म्हणजे घाईच्या घसट्या, अक्षरात आहेत आणि ती त्यांनाही लागत नाहीत. शिकस्ता वाचता येणारं कुणी परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरकडं ओळखीचं असेल तर कळवा. जाण्यायेण्याचा खर्च आणि पानामागं मानधन देऊ.